चारात एक पांढरा

नवरा गेलेल्या बाईनं बियाण्याच्या कांद्याला हात लावायचा नाही, असा येवल्याच्या पूर्वेकडच्या त्या पाच-सात गावांत दंडक होता. खुरपायला, कांदे उपटायला, पात कापायला, शेणाच्या पाट्या वाहायला तिचा हात चालायचा. तेव्हा कुणाच्या देवाला विटाळ होत नसे. पण दिवाळी उलटली, साठवणीच्या चाळीतले निवडक कांदे बाहेर काढून, त्यांचे शेंडे कापून डोंगळ्यांसाठी लावायची वेळ आली, की ते काम फक्त सवाष्णींचं. डोंगळ्याच्या, म्हणजे फुलावर आलेल्या कांद्याच्या, गोंड्यात जे काळं बी धरतं त्याला तिकडे उळं म्हणतात. उळं म्हणजे घराण्याची अब्रू, आणि अब्रूला विधवेचा हात लागलेला कुणाला खपत नाही.

नवसाबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिचा नवरा लहानू याच्या घरचं उळं नावारूपाला आलं ते तिच्या डोळ्यावर. लहानू जिवंत असताना चाळीपुढं तीच बसायची. कांदा हातात फिरवायचा, मान बारीक, बूड सपाट, रंग गडद असला की उजव्या पाटीत, नाहीतर डाव्या. लहानू नुसत्या पाट्या उचलायचा आणि गावभर सांगायचा, "उळं न्यावं तर आपलं!" लोकही न्यायचे. तिचं नाव कुणी घेतलं नाही, आणि घरचं चांगलं चाललेलं असताना तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

लहानू श्रावणात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. कार्तिकात थोरला दीर भिकन यानं डोंगळे लावायला बायका बोलावल्या, तेव्हा सवयीनं नवसाबाई पाटीजवळ बसली आणि विळ्यावर कांद्याचा शेंडा कापू लागली. पाच-सहा कांदे झाले असतील.

"ऊठ," भिकन म्हणाला.

"तात्या, एवढी पाटी..."

"ऊठ म्हणलं ना! कोणत्या पाटीला हात लावला हिनं?"

भिकनची बायको आक्काबाई हिनं बोट दाखवलं. भिकननं ती पाटी उचलली आणि बैलांपुढं पालथी केली. मग नवसाबाईला पाटाच्या पाण्यात हात धुवायला लावले, सगळ्यांसमोर, कोपरापर्यंत. विळ्यावर गोमूत्र शिंपडलं.

"रांडमुंड बाईच्या हातचं बी उगवत नाय," तो मोठ्यानं म्हणाला, "आन् उगवलं तर घराणं बुडवतं."

लावणीच्या बायका पदर सावरून मातीकडे बघत राहिल्या. त्यांत मंगळूची बायको कलाबाई होती. बहिणीसारखी मैत्रीण, एका विहिरीवर धुणं धुणारी. तिनंही मान वर केली नाही.

आठवड्याच्या आत वाटणी झाली. वाटणी कसली, भिकन बोलला आणि चार जाणत्यांनी माना हलवल्या. विहीर त्याची, चाळ त्याची, उळ्याचं नाव त्याचं. नवसाबाईला ओढ्याकाठची मुरमाड पट्टी मिळाली, त्याच्या डोंगळ्यांच्या वावराला बांध लागून. ती पट्टी बघायला गेली तेव्हा पायाखाली दगड करकरत होते. नवसाबाई रडली नाही. तिला एवढंच वाटलं, की याचं वाईट व्हावं. आणि नुसतं वाईट नव्हे, आपल्यासारखं चारचौघांत व्हावं.

वाटणं सोपं असतं. भिकनसारख्या माणसाचं वाईट करायचं तर हाताशी काहीतरी लागतं, आणि तिच्या हाताशी होता ओढा, दगड आणि बारावीला असलेली एक लेक.

लेकीचं नाव मनीषा. रोज सकाळच्या एसटीनं येवल्याला कॉलेजात जायची, दुपारी येऊन ओट्यावर मोठ्यानं पाठांतर करायची. एके दिवशी नवसाबाई शेजारी भाजीला कांदे सोलत बसली होती आणि लेकीचं वाटाण्याच्या फुलांचं घोकणं चालू होतं. एक झाड जांभळ्या फुलांचं, एक पांढऱ्या. दोघांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी जांभळी. त्यांचा आपसात केला की दुसऱ्या पिढीत तीन जांभळी, एक पांढरं.

नवसाबाईचा हात थांबला. "पांढरं कुठून आलं गं? सगळी जांभळी झाली म्हणलीस ना?"

"दडून बसलेलं आसतं, आई."

"कोण?"

"पांढरा गुण. थांब, दाखवते."

मनीषानं अंगणात काडीनं चौकट आखली, तिची चार घरं केली. आईच्या पुढ्यातले कांद्याचे पापुद्रे उचलले, दोन लाल, दोन पांढरे. चौकटीच्या डोक्यावर एक लाल, एक पांढरा ठेवला, डाव्या अंगाला तसेच दोन.

"हा वर बाप. त्याच्याकडं दोन गुण, एक लाल, एक पांढरा. ही आई, तिच्याकडं बी तेच दोन. लेकराला बापाकडून एक मिळतो, आईकडून एक. कोणता मिळंल ते कुणाच्या हातात नाय. आता भर घरं."

नवसाबाईनं काडी घेतली. पहिल्या घरात लाल आणि लाल. दुसऱ्यात लाल आणि पांढरा. तिसऱ्यात पांढरा आणि लाल. चौथ्यात दोन्ही पांढरे.

"एक जरी लाल असला तरी वरून लालच दिसतं," मनीषा म्हणाली. "पांढरा आत असतो, पण दिसत नाय."

"सासू घरात असली की सून दिसत नाय, तसं."

"तसंच!" लेक हसली. "म्हणून तीन घरं लाल दिसणार आन् चौथं पांढरं."

"आन् आईकडं दोन्ही पांढरे असले, बापाकडं दोन्ही लाल?"

मनीषानं शेजारी दुसरी चौकट आखली. चारही घरांत एक लाल, एक पांढरा. "सगळी लेकरं लाल. पण एकूणएक पोटात पांढरा घेऊन."

"कांद्याचंबी आसंच आसतंय का?"

"पुस्तकात वाटाणाच हाय, आई. कांद्याचं लिहिलेलं नाय."

"नसू दे," नवसाबाई म्हणाली. "आपण लावून बघू."

तिनं येवल्याच्या बाजारातून पांढरे कांदे आणले, चांगले भरीव, आणि शेंडे कापून ओढ्याकाठच्या पट्टीत बांधाकडेनं लावले. विहिरीचं पाणी बंद झालेलं. ओढ्यातून हंडा भरायचा, दरड चढायची, एकेका वाफ्याला घालायचा. डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून टाळूवरचे केस गेले, टाचा फुटून रक्त आलं. आक्काबाई विहिरीवरून बघायची आणि मोटर चालू करायची.

फाल्गुनात दोन्हीकडचे डोंगळे फुलले. भिकनच्या वावरात तांबड्या कांद्याचे गोंडे, हिच्या पट्टीत पांढऱ्याचे. वरून फूल दोघांचं सारखंच, मधमाश्यांना बांध कळत नाही. सकाळपासून नुसता घुमारा उठायचा. तिच्या पट्टीपेक्षा भिकनचं वावर कितीतरी मोठं, त्यामुळं तांबड्याचा पराग भरपूर. नवसाबाई बांधावर बसून तो आवाज ऐकायची. आयुष्यात दुसऱ्याच्या वावरातलं असं फुकट तिला कधी काही मिळालं नव्हतं.

भिकनला ते डोंगळे पांढऱ्या कांद्याचे आहेत हे कळलं आणि तो बांधावर येऊन थयथय नाचला. "माझ्या उळ्यात भेसळ करती का गं?"

"माझी पट्टी हाय, तात्या. तुम्हीच दिली. काय लावायचं ते मी बघन."

त्यानं चार शिव्या दिल्या. पण त्याच्या डोंगळ्यांच्या बियाचा कांदा पुढच्या वर्षी निघाला तेव्हा त्याच्या वावरात एकही पांढरा निघाला नाही. भिकन पारावर सांगत सुटला, "लाल्याला पांढऱ्याची बाधा होत नसती! आपलं बी पक्कं हाय!" डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे नाहीच, अशी त्या सगळ्या कांदेवाल्यांची समजूत. पिढ्यान् पिढ्या कांदा वरून बघून निवडलेला, आत कोण बसलंय याची चौकशी कुणी केलेली नाही.

इकडं नवसाबाईनं पांढऱ्या डोंगळ्यांचं बी झोडलं, पाखडलं, कार्तिकात रोप टाकलं आणि पौषात लागण केली. चैत्रात कांदा उपटला तर मिसळ. काही पांढरे, बाकी लाल. पांढरे निघाले ते आपसातले; त्यांना आई पांढरी, बापही पांढरा. आणि लाल निघाले ते भिकनच्या वावरातल्या परागाचे. लाल जो दिसेल तो पोटात पांढरा घेऊनच, यात शंकेला जागा नाही. मनीषानं तिसरी चौकट आखायला काडी उचलली, पण नवसाबाईनं तिच्या आधीच घरं सांगितली.

तिनं पांढरे बाजारात विकून टाकले. लाल मात्र एकेक करून निवडले आणि तुराट्यांची छोटी चाळ करून तीत भरले. काय कांदा होता! मुठीत मावेना असा, गडद, चकचकीत, मान काडीसारखी. मुरमाड पट्टीनं असा कांदा द्यावा याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. जिच्या डोळ्यावर घराण्याचं उळं चाललं होतं त्या तिलाही वरून त्यात काही खोट दिसेना. हे तिला फार आवडलं.

आता वाट बघणं. भिकनला हाव होती आणि नवसाबाईला धीर होता, दोन्ही गोष्टी वेळेवर पिकतात. त्या वर्षी आश्विनात अवकाळीनं आठवडाभर झोडपलं. भिकनच्या चाळीचं छप्पर एका अंगानं उडालं आणि बियाण्याचा कांदा भिजला. वर काजळी, आत सड. वास रस्त्यापर्यंत यायचा. डोंगळे लावायची वेळ तोंडावर आली आणि दहा गावांना उळं देणाऱ्याच्या घरात लावायला कांदा नाही.

भिकन भरदुपारी गाडी जुंपून ओढ्याकाठी आला. सोबत आक्काबाई. चाळीच्या तुराट्या बाजूला सारून त्यानं एक कांदा उचलला, हातात फिरवला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं नवसाबाईला दिसलं.

"हे बी घराण्याचं हाय," तो म्हणाला. "बाप माझा. रान बापाचं. भर गं गाडी."

तेव्हा नवसाबाईनं जो आकांत केला तो बघण्यासारखा होता. ती गोणीवर आडवी पडली. "तात्या, पाया पडते! लेकीच्या तोंडचा घास हाय! इधवेच्या हातचं बी तुम्हाला चालत नाय ना? मग कामून नेता?"

"तोंड बंद ठेव. कुठं बोललीस तर पट्टीबी काढून घीन." भिकननं तिला पायानं बाजूला केलं. ओठ फुटला. त्या लाथेचंही तिला त्या वेळी काही वाटलं नाही. जितकं ती रडली तितकी त्यानं गाडी दाबून भरली. चाळ झाडून नेली.

गाडी बांध ओलांडून गेली तशी ती उठून बसली, ओठावरचं रक्त पुसलं आणि हसली. मनीषा दारात उभी होती. ती आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिला हसू येत नव्हतं.

"आई, आता सगळाच डोंगळा तसा लागणार. दोन्ही बाजूंनी दडलेला पांढरा. ती पहिली चौकट."

"व्हय. चारात एक."

"पण उळं नेणारे लोक कोण हायेत? आपलीच माणसं. कलाकाकू नेती. मंगळूकाकानं वाट्यानं रान केलंय."

"माझे हात धुतले तवा कलाबाई कुठं बघत होती?"

"खाली."

"मग बघू दे अजून," नवसाबाई म्हणाली. मनीषा आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. नवसाबाई जेवली, पोटभर जेवली.

भिकननं ते कांदे लावले. सवाष्णींच्या हातून, नारळ फोडून. डोंगळे माणसाच्या छातीला लागले. वैशाखात उळं झालं, काळं कुळकुळीत, आणि पावसाळ्यानंतर दहा गावांत गेलं. भिकननं जुन्या कौलांच्या जागी पत्रे टाकले. नवसाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. बायका उळ्याची तारीफ करायच्या आणि ती खाली मान घालून ऐकायची. रोज त्या एका गोष्टीची ऊब तिला पुरायची. कधी धाकधूकही व्हायची, की पुस्तकातला वाटाणा खरा आणि कांदा खोटा निघाला तर?

दोन हजार सालच्या चैत्रात कांदे उपटायला लागले आणि पहिल्याच वाफ्यात मंगळूच्या हाताला पांढरा कांदा लागला. मग लाल, लाल, लाल आणि पुन्हा पांढरा. शेजारच्या रानात तेच. ओढ्यापलीकडच्या गावात तेच. येवल्याच्या लिलावात ट्रॅक्टर उभे राहिले, व्यापाऱ्यांनी ढिगात हात घातला आणि "मिसळ माल" म्हणून पुढं गेले. पांढरा वेगळा, लाल वेगळा करायचा तर मजुरी अंगावर आणि भाव पडका. दोन दिवसांनी दहा गावची माणसं पाट्या घेऊन भिकनच्या खळ्यावर आली.

नवसाबाई गेली, आणि खळ्याच्या कडेला दगडावर बसली. हा दिवस तिनं इतक्या वेळा मनात बघितला होता, की आता तो डोळ्यांपुढं उभा राहिल्यावर तिनं पदर सावरला आणि नीट बसून घेतलं.

भिकन आधी पाण्यावर गेला. मग खतावर. मग हवेवर.

"दहा गावांत एकच हवा आली व्हय रं, भिकन?" मंगळू ओरडला. "वाट्याचं रान केलं मी! मालकाला काय दाखवू?"

कुणीतरी पाटी पालथी केली. दुसऱ्यानं केली. खळ्यावर लाल-पांढऱ्या कांद्यांचा सडा पडला. एका म्हाताऱ्यानं भिकनच्या तोंडापुढं पांढरा कांदा धरला आणि म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव घालवलंस." भिकनचा चेहरा उतरला. माणसांच्या घोळक्यात तो लहान दिसायला लागला, आणि नवसाबाईनं ते डोळे भरून पाहिलं.

तेवढ्यात नवऱ्याला सोडवायला आक्काबाई मध्ये पडली. "त्यांना कामून बोलता? कांदे हिच्या चाळीतले व्हते! ह्या नवसीच्या!"

घोळका आक्काबाईकडं वळला.

"म्हणजे?" मंगळू भिकनला म्हणाला. "तिचे तू नेले? दंडक तूच सांगायचा, आन् इधवेच्या घरातलं बी चोरून आम्हाला घालायचं?"

भिकनला पळायला वाट राहिली नाही. पण बुडत्याला काडी सापडली. तो एकदम नवसाबाईकडं वळला. "मग मी काय सांगत व्हतो? हिचा हात लागला की घराणं बुडतं! बघा! लालाचा पांढरा केला रांडेनं! चुकलं माझं, नेले मी कांदे. पण हात हिचा हाय!"

लोकांच्या माना हलल्या. दोन बायका नवसाबाईपासून मागे सरकल्या. इतकी वर्षं पाणी वाहून, लाथ खाऊन जो सूड पिकवला, तो डोळ्यांदेखत तिच्याच हाताच्या अपशकुनाची साक्ष होऊन बसला होता. उद्या मनीषाच्या लग्नातही कुणी हे काढलं असतं.

मंगळू तिच्यापुढं येऊन उभा राहिला. त्याला वहिनीला जाब विचारायचं जिवावर आलेलं दिसत होतं. "वहिनी, खरं सांग. तुला ठावं व्हतं का ह्यातलं काय?"

नाही म्हटलं असतं तर ती बिचारी विधवा झाली असती, फुटक्या नशिबाची, वाईट हाताची. लोकांनी कीव केली असती. हो म्हटलं तर दहा गावांचं नुकसान तिच्या पदरात. नवसाबाई दगडावरून उठली.

"ठावं व्हतं," ती म्हणाली. "सगळं ठावं व्हतं. म्या केलं."

"कसं?" भिकननं विचारलं.

"लाल्याचा आन् पांढऱ्याचा मेळ घालून. तुमच्याच वावरातल्या माश्यांकडून. वरून लाल, पोटात पांढरा. तुम्ही वरून बघितला आन् भुललात." ती लोकांकडं वळली. "हाताचा अपशकुन आसता तर सगळे पांढरे झाले आसते. नायतर मन मानंल तिथं मन मानंल तितके. मोजा. चार कांद्यांत एक निघंल. एखादा इकडं, एखादा तिकडं. मोजा की!"

मग मंगळू खाली बसला आणि पुढ्यातला ढीग दोन बाजूंना करू लागला. ओठ हलवत मोजू लागला. ढीग संपला तेव्हा तो दोन्हीकडं बघत राहिला, दुसरा ढीग ओढला. तोही संपवला.

"तीनास एक हाय," तो हळूच म्हणाला. "दोन्हीकडं."

कुजबुज दूरपर्यंत गेली. भिकनकडं आता कुणी बघतही नव्हतं. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्याकडं कशाला बघायचं? तो आत निघून गेला. आक्काबाई त्याच्यामागं गेली.

तेव्हा कलाबाई पुढं आली. तिच्या बोटांना अजून कांद्याची माती होती. तिनं सगळ्यांसमोर नवसाबाईच्या मुस्काटात दिली. आवाज खळ्यावर घुमला. नवसाबाईनं हात वर केला नाही.

"माझी दोन लेकरं उपाशी मारलीस," कलाबाई म्हणाली. "म्या काय केलं व्हतं तुझं?"

"काय नाय केलं," नवसाबाई म्हणाली. "माझे हात धूत व्हते, तवाबी तू काय नाय केलं."

कलाबाई रडली. पदरानं तोंड पुसलं, पसरलेल्या कांद्यांकडं बघितलं, आणि परत नवसाबाईकडं.

"पुढच्या साली उळं तुझ्याकडूनच नेईन," ती म्हणाली. "जिला इतकं मोजून बिघडवता येतं तिला मोजून चांगलंबी करता येतं. पण डोंगळे लावशील तवा बांधावर म्या बसन. एकेक कांदा बघन. पेरंपस्तोर हलायची नाय. तुझ्यावर इस्वास म्हणून कधी ठेवायची नाय, मरंपस्तोर."

नवसाबाईनं गाल चोळला. तो चांगलाच सुजला होता.

"ये," ती म्हणाली. "तुझी भाकर तूच घेऊन ये."